पाचवी फ्रेम

घरात तिला सगळे अर्धी म्हणायचे. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं म्हणून मामानं हे नाव ठेवलं, आणि आईसकट सगळ्यांनी ते आनंदानं उचललं. पोरगी का सोडून आली, हे विचारण्यापेक्षा तिला नाव ठेवणं सोपं होतं. तर ही अर्धी वर्षभर मामाकडे कामाला होती. मामा म्हणजे समुद्राचे फोटो काढणारा मोठा माणूस. बाहेर त्याला 'सर' म्हणत, त्याच्या शिबिरांना पोरांच्या रांगा लागत.

त्या दुपारचं काम साधंच होतं. मामाच्या प्रदर्शनासाठी त्याचा बक्षीस मिळालेला फोटो भिंतभर मोठा करायचा होता. जुनी फाइल त्या मापाला पुरेना, म्हणून मूळ फ्रेम काढून पुन्हा जोडायच्या होत्या.

मावळतीला आभाळ झगझगीत असतं आणि खडक काळेकुट्ट. कॅमेऱ्याला एका वेळी दोन्ही झेपत नाही. म्हणून ट्रायपॉड न हलवता एकामागून एक पाच फ्रेम घ्यायच्या, काळोख्यापासून उजळापर्यंत. आभाळ काळोख्या फ्रेममधून उचलायचं, खडकांच्या सावलीतलं उजळ फ्रेममधून, आणि सगळं कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचं. याला एचडीआर म्हणतात. त्यात मामा लेन्सपुढे उजेड अडवणारी जाड काळी काच लावायचा. त्यामुळे पहिली फ्रेम अर्ध्या मिनिटाची, पुढची प्रत्येक दुप्पट, आणि पाचवी चांगली आठ मिनिटांची. एवढ्या वेळात लाटांचं धुकं होतं. समोरून कुणी चालत गेलं तर त्याचा मागमूस उरत नाही.

"हलेल ते पुसलं जाईल, थांबेल ते उरेल," मामा शिबिरात सांगायचा. पोरं भक्तिभावानं ऐकायची.

बक्षिसाच्या फोटोचं नाव होतं 'निर्मनुष्य'. धुक्याचा समुद्र, मधोमध चपटा काळा खडक, वर जळतं आभाळ. तो ज्या संध्याकाळी काढला त्याच संध्याकाळी मामी बुडून गेली. मामाचं म्हणणं असं, की फोटो संपवून तो सामान गाडीत ठेवत होता आणि मामी एकटीच पाण्यात पाय बुडवायला परत गेली. थोरामोठ्यांनी माना डोलावल्या. बक्षीस आलं तेव्हा तर मोठी मावशी म्हणाली, "तिनंच वरून दिलं हो." मामी बादलीपेक्षा खोल पाण्याला घाबरायची, हे त्या प्रत्येक डोलणाऱ्या मानेला माहीत होतं.

अर्धीनं फ्रेम उघडल्या. पहिल्या चारांत खडक रिकामा. नीट निरखल्यावर त्यावर एक फिकट भुरकी दिसली, आरशावर कुणी श्वास सोडावा तशी, दोन्ही अंगांना पसरलेली. पाचवी फ्रेम मामानं जोडणीत वापरलीच नव्हती. अर्धीनं तीही उघडली.

खडकावर मामी बसली होती.

समुद्राचं धुकं तिच्या गळ्याशी आलेलं. एक बट गालाला चिकटलेली. डोळे थेट लेन्सकडे. इतकी रेखीव, की कानातला खडासुद्धा दिसत होता. आठ मिनिटं लाटा अंगावरून गेल्या आणि तिचा एक केस हलला नव्हता. जिवंत माणूस निदान श्वास तरी घेतो.

अर्धीनं मागच्या फ्रेम पुन्हा उघडल्या. मग तिला ती भुरकी कळली. पहिल्या चारही फ्रेममध्ये मामी खडकावरच होती. फक्त हलत होती. दोन्ही हात हलवत होती.

दारात मामा येऊन उभा राहिला. "झालं का गं, अर्धे?"

"मामा, पाचवी फ्रेम..."

"ती खराब आहे. सोड ती."

"तिच्यात मामी आहे."

मामा फडक्यानं काळी काच पुसत होता. पुसत राहिला. मग काच उजेडात धरून म्हणाला, "संध्याकाळी चल माझ्याबरोबर. तिथंच सांगतो."

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. सडक्या शेवाळाचा वास वाऱ्याबरोबर येत होता, जात होता. भरती जोरात चढत होती, खडकापर्यंत कमरेएवढं पाणी. मामानं ट्रायपॉड वाळूत रोवला, पाय दाबून घट्ट केला, काच चढवली.

"आधी जाऊन खडकावर उभी राहा," तो म्हणाला. "चित्रात माणूस असला की समुद्र मोठा वाटतो. पाच फ्रेम होऊ देत, मग काय विचारायचं ते विचार."

मोठ्यांचं हे असंच असतं. खरं बोलायलाही त्यांना आधी काहीतरी हवं असतं. अर्धीला मात्र खरं काय घडलं ते त्याच्या तोंडून हवं होतं, जसंच्या तसं, घरी जाऊन एकेकाच्या तोंडावर फेकायला. शिवाय तिला पोहता येत होतं. ती गेली.

खडक बर्फासारखा गार होता. पहिल्या फ्रेमसाठी मामानं हात वर केला, आणि अर्धीनं ठरवून दोन्ही हात हवेत फिरवायला सुरुवात केली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. काढ म्हणावं आता फोटो.

मामा ओरडला नाही. पहिली फ्रेम संपल्यावर स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाला, "छान... अशीच राहा."

तिला वाटलं, टोमणा मारतोय. दुसरी झाली. तिसरी झाली. दर वेळी वाऱ्यावर तोच समाधानी आवाज. "सुरेख... अजिबात हलू नकोस." पाणी पोटऱ्यांवर चढलं. आभाळ विझत चाललं होतं. अर्धीचे खांदे भरून आले, पण हात थांबवायची तिची छाती होईना. शेजारी, अगदी पायाशी, ओल्या कपड्यांचा कोंदट वास येत होता. बरेच दिवस बंद बादलीत राहिलेल्या कपड्यांचा. तिनं खाली पाहिलं नाही.

चौथी संपली तशी तिनं पाण्यात उडी घेतली. मधल्या खोलगट भागात पाणी आता गळ्याशी आलं होतं. ती हात मारत काठाला लागली आणि धापा टाकत मामाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पाचवी फ्रेम सुरू होती. मामा काळ्या स्क्रीनवर नजर लावून बसला होता.

"हलू नकोस," तो समुद्राकडे तोंड करून म्हणाला. "ही शेवटची."

"मामा... मी इथे आहे."

त्यानं वळून पाहिलं. तिच्या निथळत्या केसांकडे, मग खडकाकडे. खडकावर नुसत्या लाटा फुटत होत्या.

"पण तू बसली होतीस," तो हळूच म्हणाला. "चारही फ्रेममध्ये... बसलेली दिसलीस."

"मी उभी होते. हात हलवत होते." तिचे दात वाजत होते. "मामीसारखे."

मामा पुन्हा स्क्रीनकडे वळला. तो कॅमेऱ्याशीच बोलत होता.

"चौथी चालू होती... हाका मारत होती ती. पण तसा उजेड पुन्हा मिळत नाही गं. म्हटलं, हात हलवतेय तोवर ठीक आहे."

"आणि पाचवीला हात थांबले तेव्हा?"

"वाटलं, समजूत पटली तिची."

त्याच्या आवाजात रडू नव्हतं. चांगली फ्रेम वाया गेल्यावर वाटते तेवढी हळहळ होती. लाटा पुढे येत होत्या आणि कॅमेरा आपलं काम करत होता. तो खडकावरचा कोंदट वास आता इथंही येऊ लागला होता.

शेवटी कॅमेरा खट् वाजला. स्क्रीनवर पाचवी फ्रेम उमटली. मामा वाकला, आणि त्यानं मोठा श्वास सोडला.

"बघ. काही नाहीये. खडक रिकामा आहे." आवाजात पुन्हा सर आले होते. "मघाच्या चारांत पाणी उडालं असेल, तेच दिसलं. आणि घरी यातलं अवाक्षर काढायचं नाही. तुझी आई आधीच तुझ्यापायी खचलीय."

अर्धीनं पाहिलं. खडक खरंच रिकामा होता. पण खडकापासून वाळूपर्यंत, धुक्यातून सरळ लेन्सच्या दिशेनं, एक फिकट भुरकट पट्टा आला होता. जवळ येता येता रुंद होत गेलेला.

शिबिरात हजारदा सांगितलेलं मामा स्वतःच विसरला होता. थांबेल तेच उरतं. खडक रिकामा दिसला म्हणजे ती नव्हती असं नाही. ती उठली होती, एवढंच.

सांगावं, असं अर्धीच्या ओठांवर आलं. मग तिला 'समजूत पटली' आठवलं. तिनं वाळूतल्या चपला उचलल्या आणि एक शब्द न बोलता चढावावरून रस्त्याकडे निघाली.

वर पोहोचली तेव्हा खालून मामाचा आवाज आला, नेहमीचा, कावलेला.

"ए, हा ट्रायपॉड धर जरा."

अर्धीनं वळून पाहिलं. दिसण्यापुरता उजेड अजून होता. मामानं न बघताच ट्रायपॉड मिटून बाजूला पुढे केला, सोडला, आणि खाली वाकून दोन्ही हातांनी बॅगेची अडकलेली चेन ओढू लागला.

ट्रायपॉड पडला नाही. वाळूपासून वीतभर वर, तिरका, कुणीतरी काखेत धरावा तसा, तो मामाची चेन लागायची वाट पाहत राहिला.