सगळ्या वर्गाची ताई

चष्म्याच्या दुकानाचं दार ढकलून तो आत आला तोच भिंत चाचपडत. हातात काडी निखळलेला चष्मा.

"यावर बसलो मी..."

तिने मान वर केली आणि चिमट्यातला स्क्रू सुटून टणकन पडला. अगंबाई, हा तर मागच्या बाकावरचा! अकरावी-बारावी एका वर्गात काढली, पण पठ्ठ्या तिच्याशी धड दोन वाक्यं बोलला असेल तर शपथ!

"अजून वेंधळाच आहेस की रे!"

"तू?" आवाज ओळखून तो केवढा तरी खुलला. "बरं झालं भेटलीस. मी आपल्याच शाळेत शिकवतो आता. दहावीनंतर ज्यांना हवंय त्यांना वर्षभर बाहेर काम शिकू द्यावं म्हणतोय, तर पालक अंगावर आलेत. उद्या सभा आहे. दहावीनंतर तू इथे काचा घासायचीस ना, मी बाहेरून पाहिलंय. तू येऊन सांगशील ते?"

ती पडलेला स्क्रू शोधायला वाकली. दहावीनंतर पुस्तक उघडलं की तिला रडूच यायचं. म्हणून मामाने तिला याच दुकानात काचा घासायला बसवलं, आणि त्या वर्षात पोरगी पुन्हा माणसात आली. पण आईने सगळीकडे सांगितलं, टायफॉइड झाला होता! शिवाय वर्षाने मोठी म्हणून अख्खा वर्ग तिला 'ताई' म्हणायचा. ते तिला फार लागायचं.

"नको रे. लोक म्हणतील, वर्ष वाया घालवलेली आली शहाणपण शिकवायला."

"वाया?" तो उसळला. "ते वर्ष नसतं तर तू माझ्या वर्गात आली असतीस का?"

काडी बसवून तिने चष्मा त्याच्या कानांवर चढवला. कान चांगलेच तापले होते.

"मग तेव्हा बोलला का नाहीस, आखडू?"

"सगळे तुला ताई म्हणायचे," तो हळूच म्हणाला. "मी... एकदा तरी म्हटलं?"

तिला आठवेना. खरंच की! साधं रबर हवं असलं तरी हा मागून नुसता खाकरायचा... तिला इतका आनंद झाला की चष्मा नीट बसलेला असूनही ती उगाच काडी दाबत राहिली.

"येईन मी. आईचा टायफॉइड एकदाचा बरा करायलाच हवा. पण सभेत माझी ओळख काय करून देशील?"

तो खाकरला.

"रबर हवंय?" ती खुदकन हसली.

"रबर नको," तो म्हणाला. "तू हवी आहेस."