डावऱ्याची गाठ

बंदरावरच्या मासळीच्या शेडमध्ये तिला सगळे मापवाली म्हणत. मापवाली म्हणजे तराजू घेऊन बसणारी नव्हे हं. तिचं काम ताप बघण्याचं. बोट धक्क्याला लागली की कुपे उतरायचे. कुपा म्हणजे ट्यूना, माणसाएवढाले धष्टपुष्ट मासे. ही प्रत्येकाच्या पाठीत थर्मामीटरची सळई खुपसून आतपर्यंत गारवा मुरलाय की नाही ते बघायची. चार अंशांपर्यंत पास, गालावर निळी खूण. त्याच्या वर गेला की लाल फुली, आणि तो मासा संध्याकाळी बंदराच्या तोंडाबाहेर नेऊन पाण्यात टाकून द्यायचा.

त्या दुपारी धुकं होतं. मुकादमाचा निरोप आला की एक बोट लवकर आलीय, जरा या. तिने लेकीला सासूच्या कुशीत निजवलं, "तासाभरात येते," म्हणाली आणि निघाली. नेहमीचंच काम होतं.

शेडमध्ये पोचल्यावर तिने आधी मगभर बर्फाचं पाणी घेतलं आणि सळई त्यात बुडवली. आकडा शून्यावर आला. पुसली, पुन्हा बुडवली. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा बुडवली.

"वहिनी, पुरे की!" मुकादम हसला. "थर्मामीटरला सर्दी व्हायची."

तीही हसली. काय सांगणार होती त्याला? कामाआधी सळई बर्फात बुडवून बघायची, हा शेडचा नियमच होता. नऊ वर्षांत तिने तो एकदाच मोडला होता. सात महिन्यांपूर्वी लेक रात्रभर तापाने फणफणली होती, सकाळी निघायला उशीर झाला आणि बोट तर येऊन उभी होती. त्या बोटीवर तिचा नवराही होता.

नवरा डावखुरा, म्हणून त्याला सगळे डावरा म्हणत. बोटीवर ज्याने मासा ओढला त्याने शेपटीला आपली दोरी बांधायची, म्हणजे मासा कुणाचा ते कळतं. प्रत्येकाची गाठ वेगळी. डावऱ्याची तर उलटीच, कुणाच्या बापाला सुटायची नाही. तिलाही कधी सुटली नाही, नेहमी सुरीने कापावी लागायची. त्या दिवशी त्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा कुपा आणला होता आणि तो नुसता मिरवत होता. हिने सळई घातली. आकडा सहा! एकदा तिला वाटलं, सोडून द्यावं. पण नवऱ्याचा मासा म्हणून हिने डोळेझाक केली, असं कुणी म्हणायला नको होतं. तिने लाल फुली मारली.

"घरच्याच मास्तरणीने नापास केला रे!" सगळे खिदळले. तोही हसला, पण त्याचे कान लाल झालेले तिने पाहिले. पुढच्या फेरीला त्याची सुट्टी होती. लेकीला घेऊन तिघं कुठंतरी जाणार होते. संध्याकाळी तो म्हणाला, "ही एक फेरी मारून येतो. याच्यापेक्षा मोठा आणतो, बघच तू." वारा फिरला होता, ती नको नको म्हणाली. "आमची कुप्याची जात गं," तो म्हणाला, "कुपा पोहायचा थांबला की त्याचा श्वास बंद पडतो. मला घरात बसवून मारतेस का?"

ती बोट परत आलीच नाही. चौथ्या दिवशी दुसरी बोट आली, कामाआधी तिने सळई बर्फात बुडवली तेव्हा आकडा शून्याऐवजी दोनवर थांबला. म्हणजे थर्मामीटरच दोन अंश जास्त दाखवत होता. म्हणजे त्याचा मासा पास होता. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, सासूलासुद्धा नाही. रोज रात्री ते तिच्या छातीवर येऊन बसायचं.

असो. तर त्या दुपारी बोटीवरून मासे उतरले. सोळा मासे झाले, सगळे पास. मग सतरावा आला.

"हा कुठला?" बोट चालवणारा तांडेल पुढे झाला. "आम्ही सोळाच चढवले होते."

"मोजण्यात चुकला असाल," मुकादम म्हणाला.

तांडेल खाली वाकला. तो शेपटीकडे बघत होता. तिनेही पाहिलं. दोरी ओली होती, कोरी होती, आणि गाठ उलटी होती.

"तुमच्यात कुणी डावखुरा...?" तिने विचारलं.

"नाही वहिनी," तो हळूच म्हणाला. "कुणीच नाही."

तिने सळई घातली. आकडा चढू लागला. चार, नऊ, वीस... आणि सदतीसवर थांबला. तीन दिवस बर्फात असलेला मासा म्हणे, आणि आतून ताप नसलेल्या माणसाएवढा गरम. तिने सळई मगात बुडवली. शून्य. पुन्हा माशात घातली. सदतीस.

"बिघडला हो तो," मुकादम म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "या वेळी बरोबर आहे."

मासा आतल्या बर्फखोलीत ढकलला गेला. मुकादम आणि तांडेल बाहेर कुजबुजत राहिले. ती आत गेली आणि जड दार मागे आपोआप लागलं. आत एकच दिवा. बर्फाचा, रक्ताचा, लोखंडाचा वास. यंत्राची घरघर चालू होती, आणि त्या घरघरीखाली आणखी एक आवाज होता. थप... थप... शेपटी लाकडी फळीवर आपटत होती. अगदी हळू, पण न थांबता.

तिला पळून जायचं होतं. ती माशाजवळ गेली. खरं सांगायचं तर, पळून जायचं नव्हतंच. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या हातची गाठ तिच्यासमोर होती.

तिने माशाच्या गालावरचा बर्फ पुसला. खाली पुसट लाल फुली होती. एक पाय लांब, एक आखूड. तिची फुली नेहमी अशीच पडायची, मुकादम त्यावरून चिडवायचा. तिने समुद्रात टाकायला लावलेला तोच मासा होता हा.

"अहो..." तिचा आवाज फुटला. "चूक माझी होती. मी सळई बुडवून बघितली नाही. पोरीच्या तापात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुमचा मासा चांगला होता हो. तुम्हाला माझ्यापायी जावं लागलं..."

थप... थप...

"अजून पोहताय का? इतके दिवस?" ती रडू लागली. "दमला असाल ना..."

थंडीने बधिर झालेल्या हाताने तिने लाल फुली खरवडली. नखाने, दाताने. पदराने पुसली. मग कमरेच्या पिशवीतून निळा खडू काढला आणि त्याच्या गालावर पासाची खूण केली. ठसठशीत.

शेपटी थांबली.

सळई अजून पाठीत होती. आकडा उतरू लागला. तीस. बावीस. अकरा. तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय केलं. तिने दोन्ही हातांनी मासा कवटाळला, गाल त्याच्या गालाला लावला, "नको, थांबू नका... मी पुसते खूण, थांबू नका हो..." म्हणत राहिली. चार. एक. शून्य.

मुकादमाने दार उघडलं तेव्हा ती माशाला बिलगून बसली होती. त्याने तिला धरून उठवलं. जाताना तिने शेपटीकडे पाहिलं. दोरी नव्हती. नुसता ओला वळ होता.

घरी आली तेव्हा चार वाजले होते. सासू भिंतीला टेकून पेंगत होती. लेक अंथरुणात जागी होती आणि हसत होती.

"आई, आत्ता बाबा आले होते."

ती दारातच उभी राहिली.

"ओले होते गं सगळे. म्हणाले, आईला सांग, मी रागावलो नव्हतो. ते तिचं कामच आहे." लेक जांभई देत म्हणाली. "मी म्हटलं, थांबा ना, आई येईल. तर म्हणाले, आता थांबायचंच आहे. पण एकट्याला गार वाटतं."

लेकीने पांघरुणातून हात बाहेर काढला. इवल्याशा मनगटाला कोरी, ओली दोरी होती. उलटी गाठ.

"आणि हे?" तिने विचारलं.

"बाबा म्हणाले, आपली कोण ते ओळखू यावं म्हणून."

तिने स्वयंपाकघरातून सुरी आणली. लेकीच्या मनगटावरच्या दोरीखाली बोट सरकवलं. दोरी मिठाने खरखरीत होती, आणि बर्फासारखी गार. ती संपत नव्हती. पांघरुणाखालून पुढे गेली होती. तिने ओढली तसं दुसरं टोक हाताशी आलं. तिथेही एक फास होता, मोकळा, मोठ्या माणसाच्या मनगटाचा.

सुरी हातातच होती. आधी कापायचं, हे तिला कळत होतं. तरीही तिने डावा हात त्या फासात घालून बघितला. माप अगदी बरोबर होतं.