दोनशे अकरा तुकडे

संगणक हळू चालतो म्हणून दादाने मला बोलावलं आणि मी पोहोचायच्या आत स्वतःच त्यात हात घालून बसला.

"डीफ्रॅग करावं असं तूच सांगतेस ना?" तो म्हणाला. "अर्ध्यावर अडकलं, मग मी बटण दाबलं."

"कुठलं बटण?"

"मेन."

माझं डोकंच फिरलं. पंधरा वर्षं मी लोकांचे संगणक दुरुस्त करतेय. डिस्कवर एकेका फाइलचे तुकडे जागा मिळेल तिथे पडलेले असतात. डीफ्रॅग म्हणजे ते उचलून शेजारी शेजारी लावायचे. तुकडा हातात असताना वीज तोडली तर तो कुठे जातो, हे दादासारख्या शिकलेल्या माणसाला कळू नये?

त्या डिस्कवर वहिनींचं पुस्तक होतं. परिचारिकांसाठी पाठ्यपुस्तक, चारशे बारा पानं, सोमवारी छापायला जायचं. बाबा होते तोवर वहिनींना चार ओळी सलग लिहिता आल्या नाहीत. बाबा हाक मारत नसत. नुसते खोकायचे, की घर कामाला लागायचं, आणि दादा तोंडासमोर पेपर धरायचा. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. वहिनींनी त्याच महिन्यात पहिलं प्रकरण लिहिलं.

"बॅकअप घेतलायस?"

"घेतलाय, घेतलाय. सकाळीच."

मी डिस्क तपासली. दादाच्या पराक्रमाने फारसं नुकसान झालं नव्हतं. कचरा काढला, अँटिव्हायरस थांबवला, वीज गेली तरी काम चालू राहावं म्हणून बॅटरीचा खोका जोडला. मग डिस्कचा नकाशा उघडला. पडद्यावर बारीक चौकोन आले. निळे हलवता येणारे, लाल कुलूपबंद. सिस्टिम स्वतः वापरत असते त्या फाइली लाल दिसतात आणि चालू संगणकावर त्या हलत नाहीत. पण या लालमध्ये एक फाइल सिस्टिमची नव्हती. ती संगणकावरच्या बाबांच्या खात्यात होती. नाव नाही, तारीख नाही, तुकडे दोनशे अकरा. सगळ्या डिस्कभर पसरलेले.

"बाबांचं खातं अजून ठेवलंयस?"

"असू दे म्हटलं," दादा म्हणाला.

असू दे! आयुष्यभर हेच. कुलूपबंद फाइल हलवायचा एक रस्ता असतो. संगणक पुन्हा सुरू करायचा, आणि सिस्टिम जागी व्हायच्या आधीच काम उरकायचं. तेव्हा कुठलीच फाइल कुणाच्या हातात नसते. मी 'कुलूपबंद फाइलसुद्धा' या चौकोनात खूण केली. गरज नव्हती. बाबांचं काहीही त्या घरात अडून बसलेलं मला नको होतं, म्हणून केली.

सकाळचे अकरा वाजले होते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकू लागल्या. वहिनी संगणकासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, मी शेजारी उभी.

फाइल वापरात आहे. तुकडे २११.

कुणाच्या वापरात? अजून सिस्टिमच सुरू झाली नव्हती. तरी आकडा उतरू लागला. एकशे नव्वद. एकशे साठ.

आत, बाबांच्या खोलीत काहीतरी घासलं.

"घर जुनं झालंय," दादा म्हणाला. "मधूनच वाजतं. महिन्यातून एखादा खोकल्यासारखा आवाज, कधी चपलेसारखा. आम्ही लक्ष देत नाही."

"दोन वर्षं?"

"हो, पण सुटे सुटे," वहिनी म्हणाल्या. "असे लागोपाठ कधी नाही."

नव्वद. खोकला आला. त्याच्या मागोमाग घसा साफ केल्याचा आवाज. साठ. पलंग करकरला आणि लगेच फरशीवर चप्पल टेकली. दर आवाजाच्या अलीकडे-पलीकडे जी शांतता होती, ती कमी होत चालली होती.

मी जाऊन आतलं दार उघडलं. पुस्तकांचे खोके होते, बंद पंखा होता. खोलीत कुणीही नव्हतं. खोकला माझ्या कानाजवळून गेला.

मी धावत परत आले. "वहिनी, मी वीज तोडते. पुस्तक बॅकअपमध्ये आहे. दादा, कुठाय बॅकअप?"

"त्यातच."

"त्यातच म्हणजे?"

"दुसरा फोल्डर केला ना. त्याच डिस्कवर."

मी दादाला काय काय बोलले ते लिहीत नाही. चूक माझीही होती. त्या डिस्कला हात लावण्याआधी दुसऱ्या डिस्कवरचा बॅकअप मी डोळ्यांनी बघायला हवा होता. गिऱ्हाईक असतं तर बघितला असता.

एकवीस.

आता तोडलं तर सिस्टिमच्या फाइली अर्धवट राहणार आणि पुस्तकही जाणार. दादाने पेपर उचलला होता.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "काढा वायर."

"दोन वर्षांचं काम आहे, वहिनी."

"पुन्हा लिहीन. काढा."

नऊ.

मी वायर खेचली. बॅटरीचा खोका चिडून ओरडला, मी त्याचीही वायर उपटली.

पडदा काळा झाला. घर शांत झालं.

एवढ्यावर माझं भागेना. मी चार स्क्रू काढले, डिस्क बाहेर ओढली आणि टेबलावर आपटली. एकही वायर नाही. वहिनी तिच्याकडे बघत होत्या, आणि मला रागाने रडू येत होतं.

डिस्कच्या पोटात टिकटिक सुरू झाली.

मी ती हातात घेतली. कोमट होती.

आत खोकला आला. घसा साफ झाला, पलंग करकरला, चपला पायांत गेल्या, पावलं दारापर्यंत आली. मध्ये कुठेही खंड पडला नाही.

"वहिनी, उठू नका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या उठल्या, हाताने खुर्ची पुसली आणि बाजूला उभ्या राहिल्या.