पाणी चढवलेलं रिव्हॉल्व्हर

ही घटना खरी आहे.

इथे लिहिणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. मीही वाचतो. पण गोष्ट रचायला जो उत्साह लागतो, तो माझ्याकडे आता उरलेला नाही. रचायचीच असती, तर मी ती रात्रीची रचली असती.

ही दुपारी घडली.

खंडेनवमीच्या दिवशी, जेवणाआधी. चेन्नईत, माउंट रोडला लागून असलेल्या गल्लीतल्या एका जुन्या बंदुकांच्या दुकानात. दुकानाचं नाव सांगणार नाही. दुकान अजून आहे.

ते रिव्हॉल्व्हरही अजून तिथेच आहे.

व्यंकोजीराव माझ्या बायकोचे, महालक्ष्मीचे, थोरले भाऊ. तंजावरकडचे मराठी. मी नागपूरचा, केंद्र सरकारच्या नोकरीने इथे आणून टाकलेला. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं, एखादी बखर तमिळ हेल काढून बोलतेय. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि वर्षभरात वहिनी गेल्या. मग तिरुवल्लिकेणीच्या घरात ते एकटेच उरले.

आणि त्यांनी वस्तू द्यायला सुरुवात केली.

कॉफीचा पितळी फिल्टर आम्हाला. वीणा मुलीला, भव्याला. भव्याला वीणा येत नाही आणि शोळिंगनल्लूरच्या तिच्या फ्लॅटमध्ये वीणा ठेवायला भिंतही नाही. पंखा शेजाऱ्यांना, कपाट वॉचमनला. भेटायला जाणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन परत यायचा. घर रिकामं होत चाललं होतं.

सगळं देऊन टाकणाऱ्या या माणसाला एकच वस्तू विकत घ्यायची होती.

रिव्हॉल्व्हर.

कारण ते खंडेनवमीचं सांगत. त्या दिवशी घरातल्या शस्त्राची पूजा करायची. सासऱ्यांचं शस्त्र गंजून केव्हाच पोलिसांत जमा झालं होतं. परवाना मात्र व्यंकोजीरावांनी नावावर करून जपला होता. शस्त्राच्या जागी इतकी वर्षं विळी, स्क्रूड्रायव्हर आणि मिक्सर बसत होते. "राजांच्या चाकरीतलें घराणें," ते म्हणायचे, "आणि गंध कोणास, तर मिक्सरास."

एकट्या माणसाच्या रिकाम्या घरात रिव्हॉल्व्हर का नको, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. कुणी ते तोंडातून काढत नव्हतं. आमच्याकडे असल्या गोष्टी न बोलून टाळतात.

बहुतेक वेळा टळत नाहीत.

आदल्या दिवशी भव्याचा फोन आला. ती नेहमी तीन भाषांत बोलते. त्या दिवशी मराठीतच बोलली, तेव्हाच मला भीती वाटली.

"आतोबा, अप्पांना एकटं सोडू नका. काहीपण करा. घेऊ देऊ नका."

म्हणून मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो.

त्या दिवशी अख्ख्या शहरात आयुधपूजा असते. बसच्या काचेला, झेरॉक्सच्या मशीनला, सगळ्यांना चंदन आणि कुंकू. आमच्या इमारतीत लिफ्टलाही हार असतो, जरी ती वर्षातून बरेच दिवस आजारी असली तरी. पूजेला मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही, एवढा एकच नियम.

दुकानदार कृष्णस्वामी आमच्याच वयाचा. पांढरी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, आणि कपाळभर विभूती. त्या दिवशी विक्री बंद होती, पण ओळखीच्या गिऱ्हाइकांना पूजेला बोलावलं होतं. दाराला केळीचे खुंट. आत केळीच्या पानांवर ओळीने बंदुका, चुरमुरे, चणे.

मागे सरस्वतीची तसबीर होती.

तसबिरीच्या पुढ्यात, पाटावर, मधोमध ते होतं.

"सगळ्यांत वडील तेच," कृष्णस्वामी म्हणाला. म्हणून मानाची जागा. देवीचा चेहरा त्याच्यामागे झाकला गेला होता. ते आमच्या लक्षात आलं नाही. कंटाळलेल्या माणसांच्या बऱ्याच गोष्टी लक्षात येत नाहीत.

रिव्हॉल्व्हर विलायती, शंभर वर्षांहून जुनं. दिसत मात्र होतं काल घडवल्यासारखं. घासून, पुसून, वर निळसर काळं पाणी चढवलेलं. मी इंटरनेटवर वाचून गेलो होतो. जुन्या शस्त्रावर नवं पाणी चढवलं की जाणकार नाक मुरडतात. घासण्यात कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात, मोल जातं. हे सगळं मी तळमळीने सांगितलं.

व्यंकोजीरावांनी ऐकून घेतलं. "बाळकृष्णराव, माझ्यादेखील कडा गोल जाहल्या," ते म्हणाले.

मग मी कृष्णस्वामीकडे वळलो. पाणी का चढवावं लागलं?

समुद्राची हवा, तो म्हणाला. लोखंड गंजतं. आधीच्या मालकाने निवडणुकीच्या वेळी, सगळे परवानेवाले करतात तसं, ते दुकानात जमा केलं. न्यायला तो आलाच नाही. मग दुसऱ्या कुणी घेतलं. ते परत आलं. मग तिसऱ्याने. तेही परत आलं. दर वेळी मुठीच्या वर, अंगठा टेकतो नेमक्या त्याच जागी गंजाचा डाग. दर वेळी घासायचं, दर वेळी नवं पाणी.

"परत कोण आणून देतं?" मी विचारलं.

"घरचे."

"घेणारे स्वतः का येत नाहीत?"

कृष्णस्वामी पानावरचे चणे सारखे करू लागला. ते आधीच सारखे होते.

तेव्हा मला दिसलं…

बाकीच्या बंदुकांवरचं गंध उकाड्याने वाळून तडकलं होतं. रिव्हॉल्व्हरवरचं ओलं होतं. आत्ता कुणी बोट टेकवून उचलावं, इतकं ओलं.

"याला आत्ता लावलंत का?"

"पहाटे. सगळ्यांत आधी," कृष्णस्वामी म्हणाला. आणि त्यानेही पाहिलं.

तेवढ्यात वीज गेली.

चेन्नईत वीज जाणं ही भुताटकी नाही. पंखा हळूहळू थांबला. रस्त्यावरचे हॉर्न कुठेतरी लांब गेल्यासारखे झाले. दुकानात फक्त कापराचा वास आणि आम्ही तिघं.

आणि मग…

टक.

गोळ्यांचं चक्र एक घर फिरावं, तसा आवाज.

तिघांनी ऐकला. तिघांनीही घसा खाकरला. मला वाटतं, भुतांना आजवर जे काही साधलं आहे, ते आपल्या सभ्यपणामुळे.

मी म्हणालो, चला, उशीर झाला, महालक्ष्मी जेवायला थांबली असेल. पण व्यंकोजीराव पाटाकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "फूल बघूं."

त्यांच्या घरात काही ठरेनासं झालं की फूल बघतात. आपल्याकडे कौल लावतात, तसंच. एका पुडीत पांढरं फूल, दुसरीत तांबडं. केळीच्या पानात बांधून देवापुढे टाकायचं. लहान मुलाने एक पुडी उचलायची. पांढरं आलं तर होय, तांबडं आलं तर नको. या पद्धतीने त्या घराण्यात लग्नं ठरली आहेत. माझंही. त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलायची मला सोय नाही.

"तुम्ही बांधा," व्यंकोजीराव म्हणाले. "मी पाठ करतों."

त्यांनी पाठ केली. कृष्णस्वामी दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला.

पूजेच्या ताटात पांढरी तगर होती आणि तांबडी कण्हेर होती.

मी दोन्ही पुड्यांत तांबडी कण्हेर बांधली.

भव्या काहीपण करा म्हणाली होती. आपण देवाला फसवतोय असं मला वाटलं नाही. सणाच्या दिवशी त्याला कामाचा फार ताण असतो, तेवढा हलका करतोय असं वाटलं. नीट बघून बांधलं. एक तांबडं. दुसरं तांबडं. वर केळीच्या सोपाचा दोरा. पुड्या पाटापुढे टाकल्या आणि आम्ही हात जोडले.

उचलायला लहान मूल नव्हतं. कृष्णस्वामीने हात वर केले, विकणाऱ्याने उचलू नये म्हणाला. व्यंकोजीराव उचलू शकत नव्हते, कौल त्यांच्यासाठीच होता. राहिलो मी.

मी वाकलो. जवळची पुडी उचलली. दोरा सोडला.

आत…

पांढरं फूल होतं.

तगर. टवटवीत, ओली. तिला वास मात्र बंदुकीच्या तेलाचा येत होता.

दुसरी पुडी उघडली. त्यात तांबडी कण्हेर, मी बांधली तशीच.

मी मान वर केली. वाटलं, व्यंकोजीराव खूश झाले असतील. त्यांना हवं ते मिळालं होतं.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुम्ही दोन्ही तांबडींच बांधलीत ना?" ते हळू म्हणाले.

मी दोन्ही पुड्या ताटात ठेवल्या.

"बांधणार, हें मला ठाऊक होतें. म्हणून तर तुम्हांस बांधा म्हणून सांगिटलें." ते पाटाकडे बघत होते. "कुणीतरी नको म्हणायला हवें होतें, बाळकृष्णराव. देवानेंच म्हणावें, असें काही नव्हतें."

दोन वर्षांत त्या विषयावर आमच्या घराण्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

"मग मी म्हणतो," मी म्हणालो. "नको."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पण व्यंकोजीरावांनी मान हलवली. लहान मुलासारखी, एकदाच. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना वळवलं. कृष्णस्वामीला सांगितलं, घेत नाही. त्याने आग्रह केला नाही. दुकानदार आग्रह करत नाही, तेव्हा काय समजायचं ते मी समजलो.

निघताना एकदा मागे बघितलं. बघायला नको होतं.

पूजेत मांडल्यापासून त्या रिव्हॉल्व्हरला कुणी हात लावला नव्हता. पण मुठीच्या वर, निळसर काळ्या पाण्यावर…

तांबूस गंज फुटला होता. अंगठ्याएवढा. रेषांसकट.

त्याच दुपारी मी व्यंकोजीरावांना आमच्या घरी आणलं. दोन वेष्ट्या आणि औषधांची पिशवी, एवढंच सामान. बाकी सगळं त्यांनी वाटूनच टाकलं होतं. संध्याकाळी भव्या ऑफिसमधून थेट आली आणि वडिलांच्या शेजारी बसून राहिली. त्यांनी तिला, वीणा वाजवतेस का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली. मला बरं वाटलं. सगळं घर नीट खोटं बोलायला लागलं होतं.

महालक्ष्मीला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. मला वाटलं, दोन तांबड्या फुलांवरून ओरडेल. ती ओरडली नाही.

"फूल देवापुढे टाकतात," ती म्हणाली. "तुम्ही कुणापुढे टाकलंत?"

मी आठवून बघितलं. पाट. पाटावर ते. त्याच्यामागे कुठेतरी देवी.

"जो पुढे बसलेला असतो, तोच उत्तर देतो." ती भांडी लावत होती. लावता लावता थांबली. "उचललं कुणी?"

"मी."

ती माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

मग तिने सांगितलं. पुडी लहान मुलाकडून उचलून घेतात, ती मूल निरागस असतं म्हणून, असं सगळे समजतात. तसं नाही. उत्तर उचलणाऱ्याच्या हाताला लागतं. मुलाला कशाची इच्छा नसते, म्हणून त्याच्या हाताला ते चिकटत नाही, गळून जातं. थकलेल्या माणसाने कधी उचलायचं नसतं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

व्यंकोजीराव आता बरे आहेत. दोन वेळा जेवतात. सकाळी आधी पेपर कुणी वाचायचा यावरून माझ्याशी भांडतात. देवाची कृपा म्हणावं, तर कुठल्या देवाची, ते नक्की सांगता येत नाही.

माझं मात्र…

पोंगलनंतर एकदा ऑफिसमधून परतताना मी बसमधून उतरलो. चार पावलं चाललो आणि बघितलं, तर समोर ते दुकान. मला तिथे उतरायचं नव्हतं. माझं तिथे काही काम नव्हतं. माझ्याकडे परवाना नाही. दिवाळीतली टिकल्यांची पिस्तुलंही मी कधी वाजवली नाहीत.

कृष्णस्वामीने मला आतून बघितलं. ओळखलं. हसला नाही.

त्याने उठून शटर अर्ध्यावर ओढलं.

घरी मी काही बोललो नाही. पण पुढच्या वेळी बाहेर निघालो, तर व्यंकोजीराव चप्पल घालून दारात उभे. कॉफीची पूड आणायची म्हणाले. तेव्हापासून जिथे जातो तिथे ते बरोबर. आमच्या घरात आता वर्षभर पुरेल एवढी कॉफीची पूड आहे. ते काही विचारत नाहीत, मी काही सांगत नाही. बसमध्ये मला खिडकीशी बसवतात, स्वतः बाहेरच्या बाजूला बसतात. मला उतरायचं, तर आधी त्यांना उठावं लागतं.

तो स्टॉप आला की ते गुडघे पुढच्या सीटला घट्ट टेकवतात आणि समोर बघत राहतात. बस सुटली की सैल सोडतात.

काल उकाडा फार होता. बस रिकामी, संथ. तो स्टॉप आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, व्यंकोजीरावांना झोप लागली आहे. खरी, गाढ. गुडघे वळले होते. वाट मोकळी होती.

मी खिडकीतून बाहेर बघत बसून राहिलो. पक्कं आठवतं, बसून राहिलो. स्वतःचं कौतुकही वाटलं.

मग कंडक्टर माझ्यावर खेकसला, उतरायचं असेल तर उतरा, नाहीतर आत व्हा.

मी खाली बघितलं…

मी दारात, शेवटच्या पायरीवर उभा होतो.