दहापैकी सात

गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि माझे डोळेच पांढरे झाले. कवितेच्या रसग्रहणाऐवजी पानभर नुसते आकडे, कंस आणि वर्गमुळं! दिग्रसच्या एका कॉलेजात आम्ही पेपर तपासायला जमलो होतो आणि मराठीच्या टेबलावर चक्क गणिताचा गठ्ठा येऊन पडला होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, तुमचा गठ्ठा माझ्याकडं आला वाटते. पण... जरासं थांबता काय? एका पोरीनं आईवर लिहिलं आहे. अर्धं वाचून झालं, शेवट काय होते तेवढं पाहू द्या."

मी मान वर केली. उंच, सावळा, शर्टाच्या खिशावर लाल शाईचा डाग – आणि त्या उत्तरात खरोखरच बुडालेला माणूस. हे इंद्रजीत राठोड सर, घाटंजीला गणित शिकवायचे. मी बबिता चव्हाण, ढाणकीची मराठीची मॅडम. वाचून संपल्यावर त्यांनी हळूच नाक ओढलं आणि कूलरच्या पाण्याला दोष दिला. मला तिथंच ते आवडले, खोटं कशाला बोलू?

आता उत्तरपत्रिका संगणकावर येतात. घरी बसायचं, माऊस हलवायचा, चहाही एकटीनंच प्यायचा. त्या मे महिन्यातला वाळ्याचा ओला वास, सकाळचे तर्री पोहे, शंभरेक लाल पेनांची ती कुरकुर... आठवलं की आजही जीव गलबलतो.

चहाची सुट्टी झाली की व्हरांड्यात आमची जुंपायची. सर नेहमी असे उभे राहायचे की कूलरचा वारा माझ्याकडे यावा. स्वतः मात्र घामानं निथळत.

"काहून हो मॅडम? पोरगं कितीबी चांगलं लिहो, तुमच्यात दहापैकी सहाच?"

"अन् तुमच्यात? एक वजाचं चिन्ह चुकलं की पोरगं आडवं!"

"खोटं! आम्ही पायरीपायरीचे गुण देतो. तुम्ही तर अक्षर पाहून विरघळता."

"विरघळते. मोत्यासारखं अक्षर दिसलं की अर्धा गुण जातेच माझ्या हातून."

"मग माझं काही खरं नाही," ते हात पुढे करून म्हणाले, "माझं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय."

दिग्रसच्याच कहकशां मॅडम रसायनशास्त्राच्या. माझी जिवाभावाची मैत्रीण. ती हसत सुटायची. "आमच्या प्रॅक्टिकलले बाहेरचे सर येतात ना, जेवण फर्स्टक्लास झालं की सगळ्या पोराइले वीसपैकी अठरा! अन् इतिहासवाले तर वितीनं पानं मोजतात."

हसता हसता दिवस सरत होते आणि मला आतून धाकधूक होती. आमच्या बंजारा तांड्यावर माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, पुसदच्या इंजिनीयरचं स्थळ आणलं होतं. रविवारी ते मला पाहायला येणार होते. शुक्रवारी तपासणी संपली की त्यांनी यावं की नाही ते कळवते, असं मी आईला सांगून बसले होते. इंद्रजीत सर त्याआधी काही बोलले तर ठीक, नाहीतर पुसद. नुसत्या कूलरच्या वाऱ्यावर आयुष्य कसं काढायचं?

आणि एका दुपारी ते बोलले. कपातल्या चहाकडे बघत... अडखळत.

"मॅडम... समजा, मी उत्तरपत्रिका असतो... तर दहापैकी किती दिले असते?"

इतकी वर्षं पेपर तपासले, पण हा आकडा कधी ओठांवर आला नव्हता.

"सात," मी म्हणाले आणि पळालेच.

गाल तापले होते. त्या दुपारी माझ्या टेबलावरून गेलेल्या पोरांचं नशीब फळफळलं असणार, पेन सढळ चालत होता.

दुसऱ्या दिवशी सर चहाला आले नाहीत. नंतरही नाहीत. जिन्यात समोर आले तर खाली मान घालून निघून गेले. माझा संताप संताप झाला. एवढं मन उघडं केलं आणि हा माणूस तोंड लपवतो? जाऊ दे मरू दे, पुसद तर पुसद!

शुक्रवारी दुपारी कहकशांनं मला कोपऱ्यात ओढलं. "अगं, काय केलं तू त्याले? मी पुसलं तर म्हणते, 'मॅडमनं तीन गुण कापले. कोणत्या पायरीवर चुकलो, तेच सापडून नाही राह्यलं.'"

मी कपाळाला हात लावला. गणितात उत्तर बरोबर असलं की दहाचे दहा. सात मिळाले म्हणजे मध्येच कुठंतरी गाडी घसरली. बिचारा एवढे दिवस आपली घसरलेली गाडी शोधत बसला होता!

दुसऱ्या विषयाच्या खोलीत जायला सक्त मनाई होती. मी गेले.

गणिताचे मुख्य परीक्षक भगवानराव सर चष्म्यावरून बघायला लागले. मी थेट इंद्रजीत सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"सर, मराठीत सातच्या वर मी कोणालेच देत नाही. अन् सातसुद्धा... तुमच्याआधी कोणाले दिले नाहीत."

खोलीतले सगळे पेन थांबले.

"मग... ते वरचे तीन?"

"ते आम्ही कोणालेच देत नाही. कायले, ते मलेबी माहीत नाही. पण तुम्ही मले आवडता. एवढं तर समजलं ना?"

त्यांचे कान लालबुंद झाले. "अन् मी इकडं माझ्या चुका शोधून राह्यलो होतो..."

"सापडल्या?"

"लय सापडल्या."

"असू द्या. पुसदवाले मले पाहायले रविवारी येऊन राह्यले."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं – सरळ, डोळ्यांत डोळे घालून – आणि पेनाला टोपण लावलं.

"मग आम्ही शनिवारी येतो. माझ्या याडीले अन् बापाले घेऊन."

"शनिवार उद्याच आहे, राठोड," भगवानराव सर म्हणाले आणि त्यांचा गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला. "आठवीतली पोरं असल्यासारखे उभे काय राह्यले? घाटंजीची बस पकडा, घरी सांगा. हे मी तपासतो."