बेलाच्या पानाशेजारची बोटं

कमेंटमध्ये ‘फेकाफेकी बंद करा’ लिहायचं असेल तर खुशाल लिहा. हे माझ्या घरात घडलंय, आणि तेही भर दुपारी.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. उमरगा तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून आमचं गाव आहे. मी सोलापूरला नोकरी करते, तेव्हा रजा काढून घरी आले होते. घरात मी आणि आई, दोघीच. आईला आम्ही अव्वा म्हणतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर वारले.

तेव्हापासून अव्वानं अन्न जवळपास सोडलंच होतं. आता हीसुद्धा जाणार, या भीतीनं माझी झोप उडाली होती. जीव कशात तरी गुंतवावा म्हणून मी एक नवा नाद लावून घेतला... सायनोटाइप.

म्हणजे उन्हानं फोटो छापायचा. दोन रसायनं पाण्यात कालवून अंधाऱ्या खोलीत कागदाला फासायची. कागद वाळला की त्यावर एखादं पान, वर काच, आणि उन्हात ठेवायचं. मग पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथं निळं होतं. ज्यानं ऊन अडवलं, त्याची पांढरी आकृती उरते.

माझे पहिले कागद पार वाया गेले. लिंबाची पानं काचेखाली नीट बसेनात. मला चपटं पान हवं होतं. देव्हाऱ्यात विभूतीच्या डबीखाली एक वाळलेलं बेलाचं पान सापडलं. मी कुणाला न विचारता उचललं.

अव्वा आत पडली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

ऊन देऊन झाल्यावर पान पायरीवर ठेवलं आणि कागद बादलीत बुडवला. हळूहळू निळा रंग चढला. तीन दलांचं पान सुरेख उठलं होतं.

आणि त्याच्या देठाशी...

दोन बोटं.

अंगठा आणि तर्जनी. पान चिमटीत धरलेली. तर्जनी अर्धीच होती.

अप्पांची तर्जनी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये तुटली होती.

रसायन नीट लागलं नसेल, नवशिक्याचं असं होतंच... मी स्वतःला समजावत होते. तेवढ्यात मागं अव्वा येऊन उभी राहिली.

“कुठलं पान घेतलीस गं?”

“देव्हाऱ्यातलं. विभूतीच्या डबीखालचं.”

ती मटकन खाली बसली. मला वाटलं, आता रडेल.

ती हसली.

आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला बसवून माती देतात. माती लोटायच्या आधी घरातलं प्रत्येक माणूस खड्ड्यात बेल टाकतं. तोच शेवटचा निरोप. अव्वानंही हात पुढं केलेला मी पाहिला होता.

“मूठ रिकामी हुती माजी,” अव्वा म्हणाली. “बेल म्या पदरात ठिवला. त्येंना मनात म्हणलं, थांबा.”

तिनं ओल्या कागदावरून हात फिरवला.

“थांबलेत बघ.”

मी पायरीकडं वळले. पान तिथं नव्हतं. वाऱ्याची झुळूकही नव्हती...

दुसऱ्या दिवशी अव्वा हटून बसली. “माजा हात काढ कागदावर. तवाच जेवते.”

मला नको होतं. पण तिच्या पोटात दोन घास जावेत म्हणून मी कागद मांडला. तिनं त्यावर पंजा दाबून धरला. मी लांब उभी होते. तिच्या शेजारी कुणीही नव्हतं. शपथेवर सांगते, कुणीही नव्हतं.

कागद धुतला...

एक मोठा पांढरा पंजा उमटला. अर्ध्या तर्जनीचा.

अव्वाचा हात कुठंच नव्हता.

जिथं तिनं तळवा टेकवला होता, तिथं निळं. बाकी कागदासारखंच निळं. तिचा हात उन्हाला आडवा आलाच नव्हता.

अव्वा त्या दिवशी पोटभर जेवली. मला मात्र घास गिळवेना.

मी सगळे कागद जाळले. ताजा बेल घेऊन तिला शेतात अप्पांच्या समाधीवर नेलं. तिचे पाय धरले. “अव्वा, टाक एवढं पान. सोड त्यांना.”

“आता म्या कुठं धरलंय?” ती म्हणाली. “त्येंनीच धरलंय.”

मी अजून गावीच आहे. उमरग्याच्या डॉक्टरांनी अव्वाच्या सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. नीलम्मा, म्हणजे आमची अव्वा, चांगलीच सावरली, असं भावकीतले लोक म्हणतात. त्यांना काय सांगू?

परवा दुपारी ती अंगणात वाती वळत बसली होती. मी दाराआडून बघत होते. तिनं मान वर न करता पदर सावरला... थोडी सरकली... आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.

मी ओरडले, “अव्वा, आत ये!”

“आले वो... आलेच,” ती लाजून म्हणाली.

ती माझ्याकडं बघत नव्हती.