भरलेली खोली

ते घर आम्ही का घेतलं नाही, हे सासूबाईंना मी आजतागायत सांगितलेलं नाही. मागची खोली दमट आहे, एवढंच त्यांच्या कानावर घातलं आणि विषय मिटवला. त्यात फारसं खोटंही नव्हतं. पण आता तुम्ही दोघं नवं घर शोधताय, लेकरू कडेवर आहे, म्हणून सांगते. तो दिवा जरा अलीकडे घ्या, आणि ऐका.

त्या वेळी आम्ही सासू-सासऱ्यांबरोबर राहायचो. जागा लहान, पण कुणाची कुरकुर नव्हती. मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं, आणि इकडे मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. कपाट उघडायचं तर कुणीतरी पलंगावर पाय वर घेऊन बसायचं, अशी तऱ्हा. जा असं कुणी म्हटलं नाही. पण दिराच्या सासरची माणसं येऊन खोल्या बघून गेली, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. आम्ही काय ते समजलो.

माझं काम कान तपासायचं. दवाखान्यात एक लहानशी खोली आहे, भिंतींना आतून जाड गादी लावलेली. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणायचा, आपल्यात एक वर-खाली करणारा आणि एक ऐकून घेणारी, संसाराला आणखी काय लागतं?

घराचा पत्ता त्यानेच आणला. बस जिथे वळसा घेऊन परत फिरते, तिथलं शेवटचं घर. एजंट फाटकापाशीच उभा होता. किल्ली त्याने नवऱ्याच्या हातावर ठेवली, म्हणाला की मला दुसरीकडे जायचंय, तुम्ही निवांत बघा आणि जाताना किल्ली माझ्या दुकानात टाका. फक्त काय ते आजच सांगा, कारण घर बघायला येणाऱ्यांची रीघ लागलीय. बोलताना तो एकदाही घराकडे वळला नाही. एजंट लोकांना घाई असतेच, म्हणून मी तेव्हा त्याचं काही वाटून घेतलं नाही.

दुपार होती. म्हणजे भुताखेतांची वेळच नव्हे. आभाळ मात्र सकाळपासून भरून आलेलं, वारा अगदी पडलेला, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

घर मनात भरलं. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, ओटा माझ्या उंचीचा, वर चढायला रुंद पायऱ्या. नवरा कामाला लागला. नळ सोडून बघ, चौकटींवर बोटाने टकटक कर, बटणं दाबून बघ. आमच्या लेकीला आम्ही टिल्ली म्हणतो, तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. तिला वेगळाच खेळ सापडला. प्रत्येक खोलीच्या मधोमध उभी राहून ती जोरात "ऊऽऽ" करायची, आणि रिकामं घर तिला तसंच "ऊऽऽ" करून उत्तर द्यायचं. ती खिदळली की भिंतीही खिदळायच्या. मला वाटलं, मिळालं आपल्याला घर. पोटातल्या बाळानेही तेव्हाच पाय मारला. पाळणा कुठे टांगायचा, ते मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

मागची खोली सगळ्यात मोठी होती. दार लोटलं तशी आतून ऊब आली. बाकी घर गारठलेलं, आणि इथे कोंदट, ओलसर ऊब. वासही होता. कुबट म्हणावा असा नव्हे. दवाखान्यात संध्याकाळी बाहेरची बाकडी रिकामी झाली की तिथे एक वास मागे रेंगाळतो... कपड्यांचा, श्वासांचा, खूप वेळ बसून राहिलेल्या माणसांचा. तसा. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने वाफ धरली होती. नवऱ्याने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, ओल आहे, डागडुजी करून घेऊ.

टिल्ली मधोमध गेली आणि ओरडली. "ऊऽऽ."

उत्तर आलं नाही.

तिने पुन्हा ओरडून बघितलं. आवाज तिच्या तोंडातून निघाला आणि तिथेच कुठेतरी जिरला.

आता हे माझ्या रोजच्या कामातलं. रिकामी खोली वाजते. उघड्या भिंती, फरशी, बंद खिडकी, म्हणजे वाजायलाच हवी. आवाज पितात त्या मऊ वस्तू. गाद्या, पडदे... माणसं. नाटकाआधी थिएटर रिकामं असतं तेव्हा तिथे नुसतं खाकरलं तरी घुमतं, आणि प्रेक्षक येऊन बसले की तेच थिएटर मुकं होतं. मी टाळी वाजवून बघितली. दवाखान्यातल्या त्या गादीच्या खोलीत वाजते तशी वाजली. मेल्यासारखी.

नवऱ्याला म्हटलं, इथे काहीतरी वेगळं लागतंय. तो म्हणाला, भिंती जाड असतील, रात्री बाळ रडलं तरी आपली झोप मोडणार नाही, बरंच आहे की. मी हसले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

टिल्ली तोवर खिडकीकडे निघाली होती. आणि ती सरळ चालत नव्हती. खांदे आवळून घेतले होते. दोन पावलं टाकायची, थांबायची, अंग तिरकं करायची, मग पुढचं पाऊल. बाजारात मोठ्यांच्या गर्दीतून ती अशीच वाट काढते. एका ठिकाणी तिने मान वर करून अगदी नम्रपणे म्हटलं, "जरा सरकता का?"

नवरा खळखळून हसला. नाटकी कुठली, म्हणाला. मी मात्र तिला हाक मारून बाहेर बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

तेवढ्यावर निघालो असतो तर बरं झालं असतं. पण घर हवंच होतं. एका खोलीत आवाज घुमत नाही म्हणून घर नको, असं कुणाला सांगणार? नवरा पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेला. मी स्वयंपाकघरात वितीने फळ्या मोजत बसले. टिल्लीची पावलं जिन्यावर वाजत होती, मग दिवाणखान्यात, मग बोळात. तिचा ठावठिकाणा घरच मला सांगत होतं, म्हणून मी वळूनही बघितलं नाही.

मग पावलं वाजायची थांबली.

मी हाक मारली. माझाच आवाज खोल्याखोल्यांतून फिरून परत आला. पुन्हा मारली. आणि माझ्या लक्षात आलं की या घरात एकच जागा अशी आहे, जिथे लेकरू गेलं तर ऐकू येणार नाही.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. बाहेर आभाळ आणखी काळवंडलं होतं, आत जेमतेम दिसत होतं. टिल्ली पलीकडच्या भिंतीशी उभी होती. तिचा एक हात वर उचललेला, मोठ्या माणसाने हात धरल्यावर असतो तसा. मान वर. कुणाचं तरी बोलणं ती मन लावून ऐकत होती.

"टिल्ली, इकडे ये," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. हसली. "आई, ते म्हणतायत तू पण बस."

"कोण... म्हणतायत?"

तिने खोलीभर नजर फिरवली. एवढ्यांतलं नेमकं कुणाचं नाव घेऊ, असं तिला वाटलं असावं. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "बाळाची पण जागा ठेवलीय म्हणतात."

 लेकरू पलीकडे होतं. मी आत पाऊल टाकलं.

तो वास नाकातोंडात शिरला. ऊब इतकी की कपडे अंगाला चिकटले. आणि काय सांगू तुम्हाला... मला कुठेच धक्का लागला नाही. मी चालत होते, आणि समोरची ऊब दोन्ही बाजूंना सरकत होती. माझ्यासारख्या अवघडलेल्या बाईला गर्दीत लोक वाट देतात, अगदी तशी. अदबीने. पोटाला हात लागू न देता. त्या अदबीचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

टिल्लीला मी उचलून घेतलं. तिचा तो वर धरलेला हात ओला आणि गरम होता.

वळले तर दार लोटलेलं. बाहेरून नवरा हाका मारत होता. घरभर घुमणारा त्याचा आवाज खोलीत मात्र कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. त्याने दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि हळूच परत आलं. त्याने खांदा लावला. पुन्हा वीतभर, पुन्हा मागे. मी आत उभी राहून बघत होते. दारामागे काही नव्हतं. फरशी दिसत होती, भिंत दिसत होती. आणि तरी दार मागे येत होतं.

ओरडावंसं वाटलं. ओरडले असते तर काय झालं असतं, देव जाणे. पण टिल्ली माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, नीट विचार ना त्यांना."

मी विचारलं. "जरा... वाट देता का? आम्हाला जायचंय."

 मग सगळीकडून, अगदी माझ्या पाठीमागूनसुद्धा, एक लांब उसासा आला. रागाचा नव्हता. आपल्याकडे आलेलं माणूस न बसताच निघालं की आपण टाकतो, तसा.

आणि दार उघडलं.

घर कुलूप लावून बंद केलं, बसथांब्यापर्यंत आलो.  आत काय झालं ते मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. बस आली, आम्ही बसलो, टिल्ली मांडीवर झोपली, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भरलेल्या लिफ्टचं आत दुमडणारं दार हाताला असंच लागतं. आतली माणसं मागे सरायला बघतात... पण सरायला जागाच नसते."

किल्ली त्याने दुकानात टाकली आणि घर नको म्हणून सांगितलं. एजंटने कारण विचारलं नाही.

पुढे आम्ही एका शिंप्याच्या दुकानावर जागा भाड्याने घेतली. दिवसभर खाली मशिनी खडखडतात, पण आता त्या आवाजाशिवाय मला करमत नाही. मुलगा झाला, ठणठणीत आहे. टिल्ली सगळं विसरली. मीही कामात गुंतले. एका खोलीला भ्यालो म्हणून आम्ही कधीकधी हसायचोसुद्धा.

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक तरुण बाई आली. प्रसन्न चेहरा, एकटीच. म्हणाली, नवऱ्याने पाठवलंय. तो शेजारच्या खोलीतून हाका मारतो आणि मला ऐकू येत नाहीत. मी तिला गादीच्या खोलीत बसवलं, सगळे आवाज सोडून बघितले. कान लखलखीत. सहसा कुणाला ऐकू येत नाहीत असे आवाजही तिने पकडले. मी म्हटलं, कानाला काही झालेलं नाही, घरी टीव्हीचा वगैरे आवाज असतो का? तर म्हणाली टीव्ही नाही. घरी कोण कोण असतं? म्हणाली, आम्ही दोघंच. मग स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "पण एवढ्या सगळ्यांच्या बोलण्यात एकट्या माणसाची हाक कुठे ऐकू येते?"

राहता कुठे, हे मी विचारायला नको होतं. विचारलं. तिने सांगितलं, बस वळते ना, तिथे. शेवटचं घर.

 तिने माझे आभार मानले, पर्स खांद्याला लावली आणि दाराबाहेर गेली. पण दार तिने लगेच सोडलं नाही. बाहेर उभी राहून ते उघडं धरून ठेवलं, मागून येणाऱ्यांसाठी धरतात तसं. मान किंचित हलवत, एकेकाला वाट देत, ती बराच वेळ तशीच उभी होती. मग माझ्याकडे बघून हसली आणि दार लावून निघून गेली.

मी तिथेच बसले होते. आणि मला सारखं वाटत राहिलं की तिने दार जरा लवकरच लावलं.